जागलीवर चालणारा कंपायलर: मॅकवर डेव्हकिटप्रो

हरभरा घाट्यावर आला की रोही आणि रानडुकरं एका रात्रीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत साफ करतात. म्हणून यंदा जानेवारीत आठवड्यातल्या तीन-चार रात्री मी शेतातल्या मचाणीवर काढल्या. तिथे मोबाइलला रेंज नाही, लाईनचा तर प्रश्नच नाही. तरी त्याच मचाणीवर, मांडीवर जुना मॅकबुक एअर घेऊन, मी गेमबॉय ॲडव्हान्स या निन्टेंडोच्या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी एक गेम अर्ध्याच्या वर लिहून काढला. ज्या साधनामुळे हे जमलं त्याचं नाव डेव्हकिटप्रो. त्यावर मराठीत सविस्तर लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, म्हणून हा रिव्ह्यू.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, आर्णी तालुक्यातला. दिवसा आर्णीत कॉम्प्युटरचे क्लास घेतो, बाकी वेळ शेती. मॅक इंटेल चिपचा, 8 जीबी रॅमचा, नागपूरच्या सीताबर्डीवरून सेकंडहँड घेतलेला. गेमबॉय ॲडव्हान्स एसपी, म्हणजे त्याच यंत्राचं घडीचं मॉडेल, पुण्याच्या आतेभावानं दिला. तो वापरत नव्हता, माझ्या भाच्याला मात्र त्याचं वेड लागलं. "मामा, आपल्या गावातला गेम याच्यात चालन का?" असं त्यानं विचारलं आणि मी कामाला लागलो.

डेव्हकिटप्रो हा क्रॉस-कंपायलरचा संच, तर आधी क्रॉस-कंपायलर म्हणजे काय ते. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड चिपच्या आज्ञांमध्ये बदलणारा प्रोग्रॅम. मॅकवरचा नेहमीचा कंपायलर मॅकसाठीच प्रोग्रॅम बनवतो. गेमबॉय ॲडव्हान्स 2001 चं यंत्र. त्यात एआरएम7टीडीएमआय चिप आहे, 16.78 मेगाहर्ट्झची. आत ऑपरेटिंग सिस्टिम नाही, फाइली नाहीत, फक्त चिप, मेमरी आणि 240 बाय 160 ठिपक्यांचा पडदा. तेव्हा कंपायलर चालला पाहिजे मॅकवर आणि कोड निघाला पाहिजे त्या चिपचा. आमचा लोहार आर्णीत बसून डवऱ्याची पास घडवतो, पण माप घेतो ज्याच्या वावरात ती चालणार त्याचं. तसंच हे.

डेव्हकिटप्रोमध्ये निन्टेंडोच्या वेगवेगळ्या यंत्रांसाठी वेगवेगळे संच आहेत. गेमबॉय ॲडव्हान्स, डीएस आणि थ्रीडीएससाठी डेव्हकिटएआरएम. गेमक्यूब आणि वीसाठी डेव्हकिटपीपीसी. स्विचसाठी डेव्हकिटए64. सगळं मोफत. उतरवायला पॅकमॅन नावाचा, पॅकेजं आणून बसवणारा प्रोग्रॅम वापरतात, आर्च लिनक्सवाल्यांचा तोच पॅकमॅन, मॅकवर त्याचं नाव डीकेपी-पॅकमॅन.

बसवायचा क्रम असा. पहिल्यांदा टर्मिनलमध्ये 'एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल', कारण 'मेक', म्हणजे बिल्डच्या सगळ्या पायऱ्या चालवणारा प्रोग्रॅम, त्यातून येतो. मग डीकेपी-पॅकमॅनचं पॅकेज उतरवून टर्मिनलमधूनच इन्स्टॉल करायचं. मग 'सुडो डीकेपी-पॅकमॅन -एस जीबीए-डेव्ह'. तो विचारतो, गटातलं काय काय हवं? नुसतं एंटर दाबलं की सगळं येतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मला दोन रात्री लागल्या, कारण नेट मधूनमधून तुटत होतं. पण जी पॅकेजं पूर्ण उतरली ती साठ्यात राहतात. तीच आज्ञा पुन्हा दिली की उरलेलीच येतात. आमच्यासारख्या ठिकाणी ही गोष्ट फार मोलाची आहे.

पुढे दोन ठिकाणी मी अडकलो. दोन्ही चुका माझ्या होत्या, आणि नवा माणूस नेमका तिथेच अडकेल असं वाटतं.

पहिली अशी. सगळं उतरलं, उदाहरणाच्या फोल्डरमध्ये जाऊन 'मेक' दिलं, तर उत्तर आलं की आधी एन्व्हायर्नमेंटमध्ये डेव्हकिटएआरएम सेट करा. संच कुठे बसलाय ते मेकफाइलला, म्हणजे 'मेक'च्या सूचनांच्या फाइलीला, या व्हेरिएबलमधूनच कळतं. इन्स्टॉल झाल्यावर मॅक रीस्टार्ट करायला सांगतात ते याच्यासाठी, आणि ती ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. मी एका जुन्या मार्गदर्शिकेवरून त्या ओळी बॅशच्या प्रोफाइल फाइलीत लिहिल्या. काहीच झालं नाही. कारण 2019 च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकचं ठरलेलं शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, झेडशेल आहे आणि ते बॅशची फाइल वाचत नाही. होम फोल्डरमधल्या 'झेडएसएच-आरसी' (.zshrc) फाइलीत दोन ओळी टाकल्या: डेव्हकिटप्रो म्हणजे '/ऑप्ट/डेव्हकिटप्रो', आणि डेव्हकिटएआरएम म्हणजे त्याच्या आतला त्याच नावाचा फोल्डर. टर्मिनल बंद करून उघडलं आणि काम झालं. या दोन ओळींपायी एक अख्खा रविवार गेला.

दुसरी अडचण फोल्डरच्या नावाची. मी प्रोजेक्टचं नाव 'कापूस गेम' असं, मधे जागा सोडून ठेवलं होतं. 'मेक' तशा नावाचे दोन तुकडे करतो, दोन वेगळ्या वस्तू समजतो आणि म्हणतो की असं काही बनवायचा नियमच नाही. संदेश वाचून खरं कारण ध्यानात येत नाही. माझा कोड तपासण्यात तासभर गेला. शेवटी नाव जोडून लिहिलं आणि पहिल्या झटक्यात बिल्ड झालं. तुमचं काम आयक्लाउडच्या फोल्डरमध्ये असेल तरी सांभाळा, त्याच्या खऱ्या पत्त्यातही मधे जागा असते.

हे दोन खड्डे ओलांडले की पुढचा रस्ता सरळ आहे, आणि या संचाची खरी किंमत तिथे कळते. काही जण म्हणतात, एआरएमचा कंपायलर वेगळा घ्या, संचाची गरज काय? मी ते करून पाहिलं. कंपायलर मिळतो, पण त्याला गेमबॉयची मेमरी कुठून कुठे आहे ते माहीत नसतं. त्यासाठी कोडचा कुठला तुकडा मेमरीत कुठे बसवायचा ते सांगणारी लिंकर स्क्रिप्ट लागते. चिप सुरू झाल्यावर सी भाषेच्या मेनपर्यंत पोहोचवणारा छोटा स्टार्टअप कोड लागतो. न्यूलिब नावाची सी लायब्ररी लागते. शेवटी कंपायलरकडून निघालेल्या ईएलएफ फाइलीतून नुसता कोड काढून जीबीए फाइल करावी लागते आणि तिचं हेडर दुरुस्त करावं लागतं. या यंत्राचं बायोस, म्हणजे चिपसोबतचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, सुरू होताना कार्ट्रिजच्या (गेमच्या कॅसेटच्या) हेडरमधला लोगो आणि चेकसम तपासतं. हेडर दुरुस्त करायचं काम 'जीबीएफिक्स' नावाचं छोटं साधन करतं. डेव्हकिटप्रोमध्ये हे सगळे तुकडे एकमेकांशी जुळलेले येतात. एक 'मेक' दिला की सी फाइलीपासून तयार गेमपर्यंत सगळं होतं, आणि माझ्या या जुन्या मॅकवरसुद्धा काही सेकंदांत.

आणि नेट लागत नाही. उदाहरणं डिस्कवर, लायब्ररी डिस्कवर, एमजीबीए नावाचा एम्युलेटर, म्हणजे मॅकवरच गेमबॉयची नक्कल करणारा प्रोग्रॅम, तोही डिस्कवर. मचाणीवर बसून, खाली शेकोटी, अंगावर घोंगडं, 'मेक' द्यायचा आणि चालवून पाहायचं. शेजारच्या वावरातले काका जागलीला येतात. एका रात्री पडद्याचा उजेड पाहून वर आले.

"काऊन रे, पिक्चर पाहून राहिला का?"

"नाही काका, गेम बनवून राहिलो."

"कायचा?"

"गुलाबी बोंडअळीचा."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. 2017 साली बोंडअळीनं आमच्या भागातला कापूस खाल्ला, त्यात त्यांचंही वावर होतं. मग म्हणाले, "कामगंध सापळे टाक त्याच्यात. एकरी दोन तरी टाक."

टाकले. हे सापळे मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढतात. सल्लाही तसाच आहे, पाहणीसाठी हेक्टरी 5 सापळे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली असं समजायचं. गेमचा नियम मी तोच ठेवला. खेळणारा रोज सकाळी सापळे मोजतो, डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, तोडतो, आणि आकडा ओलांडल्याशिवाय फवारणी केली तर पैसे वाया जातात.

पतंगांपायी मात्र कंपायलरशी खरी ओळख झाली. पहिल्या आवृत्तीत पतंग हलवायला मी फ्लोट, म्हणजे दशांशाचे आकडे, वापरले होते. या चिपमध्ये दशांशाची गणितं करणारा भाग नाही, सगळं सॉफ्टवेअरमधून होतं, म्हणून साठ पतंग झाले की गेम अडखळायचा. फ्लोट काढून पूर्णांकातच अपूर्णांक साठवले, खालचे 8 बिट अपूर्णांकासाठी. फरक लगेच दिसला. मग दुसरी गोष्ट. कार्ट्रिजवरून कोड 16 बिटांच्या वाटेनं येतो. एआरएमची प्रत्येक आज्ञा 32 बिटांची, म्हणजे एक आज्ञा आणायला दोन खेपा. म्हणून बहुतेक कोड 16 बिटांच्या थंब आज्ञांमध्येच करतात, उदाहरणाच्या मेकफाइलीत तसंच लिहिलेलं आहे. पण चिपच्या आत 32 किलोबाइटची एक वेगवान मेमरी आहे, तिची वाट 32 बिटांची. पतंगांचं फंक्शन मी वेगळ्या फाइलीत एआरएम मोडमध्ये ठेवलं आणि त्याच्यापुढे 'आयडब्ल्यूरॅम_कोड' असा एक शब्द लिहिला. लिंकरनं ते उचलून त्या मेमरीत नेऊन बसवलं. एका शब्दाचं काम! हे यंत्र एकाच वेळी 128 स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, दाखवतं. आता माझे 90 पतंग फिरतात आणि वेग पडत नाही.

कंपायलर एवढं सगळं करतो, पण मराठी अक्षरं आपल्यालाच काढावी लागतात. पडद्याचा एक तुकडा, म्हणजे टाइल, 8 बाय 8 ठिपक्यांचा. रोमन अक्षर त्यात मावतं. 'बोंडअळी' मावत नाही. वर अनुस्वार, वेलांटी, खाली उकार, सगळ्याला जागा पाहिजे. मी दोन टाइल उंचीची अक्षरं काढली आणि शिरोरेषा प्रत्येकात वरून सहाव्या ओळीत ठेवली. एकात ती पाचव्या ओळीत गेली होती, तर 'डोमकळी'तला 'म' शब्दातून सुटून वर लटकल्यासारखा दिसला. सहाव्या ओळीत आणला आणि शब्द एकसंध झाला. चित्राचे टाइल करायला संचात 'ग्रिट' नावाचं साधन आहे. पीएनजी दिली की डेटा आणि रंगांची यादी दोन्ही काढून देतं. जोडाक्षरं मी वेगळीच काढतो, लागतील तेवढीच. आतापर्यंत एकूण 70 अक्षरं झाली. ज्याला हवी त्याला ती देईन, मराठीत असा संच तयार असला पाहिजे असं मनापासून वाटतं.

खऱ्या यंत्रावर चालवायला एसडी कार्ड बसणारं कार्ट्रिज घेतलं. तिथे रंगांचा घोळ झाला. एम्युलेटरमध्ये झकास दिसणारी गुलाबी अळी एसपीच्या पडद्यावर फिकट पडली आणि काळ्या मातीच्या तपकिरी रंगात हरवली. रंग 15 बिटांचे आहेत, लाल, हिरवा, निळा प्रत्येकी 5 बिट. लाल पूर्ण 31 वर नेला, माती आणखी गडद केली, तेव्हा अळी दिसायला लागली. रंग ठरवायच्या आधी खऱ्या यंत्रावर एकदा पाहून घ्या.

तर, घ्यावं का? सी भाषा थोडीफार येत असेल आणि टर्मिनलची भीती नसेल तर नक्की घ्या. कॉलेजच्या पोरांना सी शिकवताना मेमरीचा पत्ता, पॉइंटर, बिट हे शब्द मी फळ्यावर लिहून दमतो. गेल्या महिन्यात दोघांना हा संच बसवून दिला आणि पडद्याच्या मेमरीत एका पत्त्यावर एक आकडा लिहायला लावला. मधोमध एक लाल ठिपका उमटला. दोघंही वाकून त्या ठिपक्याकडे पाहत राहिले, मग एकानं विचारलं, "सर, याच्या बाजूचा पत्ता लिहिला तर?" आणि स्वतःच लिहून पाहिलं. सी येत नसेल तर मात्र आधी ती शिका. हा संच भाषा शिकवत नाही, तो येणाऱ्याला यंत्रापर्यंत नेतो.

माझ्या गेमचा आवाज अजून राहिला आहे. भाच्यानं मागच्या रविवारी पहिला हंगाम पूर्ण खेळला, एकरी सहा क्विंटल काढले, आणि दुसऱ्या हंगामात सापळे लावायला विसरला. आता त्याला पावसाचा आवाज पाहिजे. मृगाच्या आत तो बसवायचा आहे.