चामड्याच्या तोफेची प्रतिकृती: सोलापुरातील एका कारागिराचे काम

शाळेच्या इतिहास दालनासाठी आम्ही विजापूर वेशीकडच्या एका चर्मकाराकडून कुकी लोकांच्या चामडी तोफेची शोभेची प्रतिकृती करून घेतली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला पाठवण्यासाठी ब्रिटिशांनी मणिपूरच्या डोंगरी भागातून मजूर मागितले, तेव्हा कुकी मुखियांनी नकार दिला आणि १९१७ ते १९१९ या काळात सशस्त्र लढा दिला. त्या लढ्यात ठासणीच्या बंदुकांच्या जोडीला म्हशीच्या कातड्याची ही 'पुंपी' होती. धातूची तोफ ओतण्याची सोय नसलेल्या लोकांनी हाताशी असलेल्या कातड्याला नळीचा आकार देऊन साम्राज्याच्या फौजेपुढे उभे राहावे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहावी, असे मला मनापासून वाटत होते.

कारागिराने केवळ छायाचित्रांवरून काम केले, तरी वस्तूचे मर्म त्यांना अचूक उमगले. अशा तोफेचे बळ शिलाईत नसून आवळण्यात असते. त्यांनी बाभळीच्या सालीत कमावलेले जाड चामडे भिजवून थरावर थर गुंडाळले आणि त्यावर रुंद वाद्या तिरक्या ओढून बांधल्या. वाळताना चामडे आकसल्यामुळे त्या वाद्या अशा रुतून बसल्या आहेत की, त्यांच्या कडेखाली नखही शिरत नाही. रापीने तासलेल्या कडा एकसारख्या आहेत. हाताखाली चामडे मोटेच्या जुन्या कातड्यासारखे राकट आणि दणकट लागते. नळी मागून पूर्ण बंद असून तिला बत्तीचे छिद्र मुद्दाम ठेवलेले नाही, त्यामुळे ती मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता येते.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. तोंडाशी असलेली वादी यंत्राने शिवलेली आहे. इतक्या निष्ठेने केलेल्या कामात ती सरळ, बारीक टीप लगेच डोळ्यांत भरते. शिवाय वर चपलांचे काळे पॉलिश चढवल्यामुळे चामड्याचा मूळ तपकिरी रंग झाकला गेला. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत काम लांबले, पण कारागिराने तसे आधीच सांगितले होते, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. साडेतीन हजार रुपये हा दर हाताच्या मेहनतीच्या मानाने कमीच आहे.

संग्रहालयासाठी किंवा नाटकासाठी चामडी वस्तू हवी असणाऱ्यांनी येथे जरूर जावे. सोबत मोजमाप लिहिलेला कागद न्यावा आणि पॉलिशऐवजी केवळ तेलाचा हात हवा असल्यास काम देतानाच तसे स्पष्ट सांगावे.