कांग यात्से-२ ची पूर्वतयारी : पुण्यातील एका संस्थेच्या मार्गदर्शनाचे परीक्षण

लडाखमधील ६,१५३ मीटर उंचीचे स्तोक कांगरी हे शिखर २०२० पासून गिर्यारोहकांसाठी बंद झाल्यावर, पहिल्यांदाच सहा हजार मीटरचा टप्पा गाठू पाहणाऱ्यांची मोठी संख्या मारखा खोऱ्याच्या टोकाशी असलेल्या कांग यात्से-२ कडे वळली. या शिखराची उंची ६,२५० मीटर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. तरीही ‘अनुभव नसला तरी चालेल’ अशा जाहिराती करून सदस्य गोळा करणाऱ्या आयोजकांची कमतरता नाही. मी ज्या संस्थेबरोबर ही मोहीम केली, ती पुण्यातील एक लहान संस्था आहे. प्रत्यक्ष चढाईपेक्षा तिने घरून निघण्यापूर्वी करून घेतलेल्या तयारीविषयी येथे लिहीत आहे, कारण आयोजकाची खरी पारख त्याच काळात होते असे माझे ठाम मत झाले आहे. काही त्रुटींचाही उल्लेख करायचा असल्याने संस्थेचे नाव दिलेले नाही.

पहिली जमेची बाजू म्हणजे या संस्थेने पैसे स्वीकारण्याआधी प्रश्न विचारले. यापूर्वी किती उंचीवर मुक्काम केला आहे, तेथे डोकेदुखी किंवा उलट्या झाल्या होत्या का, रक्तदाब, दमा किंवा थायरॉइडचा त्रास आहे का, कोणती औषधे चालू आहेत, अशी सविस्तर माहिती भरून घेतल्यावर आतकरवाडीच्या वाटेने सिंहगडावर पाठीवर वजन घेऊन चढण्याची चाचणी झाली. वेळेकडे लक्ष होतेच, परंतु माथ्यावर पोहोचल्यानंतर श्वास किती लवकर पूर्ववत होतो आणि उतरताना पाय किती स्थिर पडतात, हे प्रशिक्षक अधिक बारकाईने पाहत होते. एका इच्छुकाला त्यांनी पुढील वर्षी येण्याचा सल्ला दिला, आणि आलेले गिऱ्हाईक परत पाठवण्याची ही तयारी मला फार मोलाची वाटली.

त्यानंतरचा व्यायामाचा आराखडा सह्याद्रीतील माणसाच्या हाताशी काय आहे, याचा विचार करून आखलेला होता. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, म्हणजे लेहच्या विमानतळाच्या जेमतेम निम्म्या उंचीचे. त्यामुळे विरळ हवेची सवय येथे राहून करून घेता येत नाही, फक्त दम आणि पायांची ताकद कमावता येते, हे संस्थेने पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितले. आठवड्यातील बहुतेक दिवस, चालता चालता सलग बोलता येईल इतक्याच गतीने दीर्घ चाल किंवा संथ धावणे, दोन दिवस मांड्या, कंबर आणि पाठीचे व्यायाम आणि रविवारी सिंहगड, असा क्रम होता. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढायचे आणि माथ्यावर पाणी ओतून हलक्या पाठीने उतरायचे, म्हणजे गुडघ्यांवर अकारण भार येत नाही, ही त्यांची सूचना मी आता प्रत्येकाला आवर्जून सांगतो. दही-भजी खात बसण्याऐवजी लगेच उतरून दुसऱ्यांदा चढणे कंटाळवाणे असते, पण शिखराच्या दिवशी दहा-बारा तास सतत चालावे लागते आणि त्याला दुसरी तयारी नाही. कात्रज ते सिंहगड ही रात्रीची चालही त्यांनी याच हेतूने ठेवली होती. अपुऱ्या झोपेनंतर विजेरीच्या उजेडात एकसारख्या गतीने टेकड्यांमागून टेकड्या ओलांडण्याचा हा सराव, मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होणाऱ्या अंतिम चढाईत विशेष उपयोगी पडला.

वैद्यकीय सत्र एका डॉक्टरांनी घेतले आणि ते या तयारीतील सर्वोत्तम सत्र होते. विरळ हवेत होणारा साधा त्रास, फुप्फुसांत पाणी साठणे आणि मेंदूला सूज येणे या तिन्हींची लक्षणे त्यांनी वेगवेगळी समजावून दिली. त्यांनी प्रत्येकाला एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत चालायला लावले आणि आपला जोडीदार उंचीवर असे चालू शकला नाही, तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घेऊन, पहाटेची वाट न पाहता त्याला खाली आणायचे, असे बजावले. डायमॉक्स ही विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठीची गोळी कोणी, केव्हा आणि किती घ्यायची, सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी का सांगायचे, हे त्यांनी व्यक्तिगणिक ठरवून दिले. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरील आकडा पाहून कोणी घाबरू नये आणि आकडा बरा आहे म्हणून डोकेदुखी लपवूही नये, हा त्यांचा सल्ला तंबूत अनेकदा आठवला.

मोहिमेचा दिनक्रम हा तयारीचाच भाग मानला पाहिजे. शांग सुमदोकडून कोंगमारू ला ही सव्वापाच हजार मीटरची खिंड ओलांडून शिखराच्या पायथ्याकडील निमालिंगच्या मुक्कामी उतरणारा मार्ग कमी दिवसांचा आणि स्वस्त असतो, पण त्यात उंची फार झपाट्याने वाढते. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी विश्रांतीचा दिवस घ्यावा, हा पर्वतीय वैद्यकातील सर्वमान्य नियम आहे. आमच्या संस्थेने लेहमधील विश्रांतीनंतर चिलिंगहून स्क्यू, मारखा, हांकर आणि थाचुंगत्से असा लांबचा मार्ग घेतला. हांकरहून एकदम निमालिंग गाठणारे गट पुष्कळ दिसतात, परंतु मध्ये थाचुंगत्सेला मुक्काम केल्यामुळे ती मोठी उडी दोन दिवसांत विभागली गेली. बेस कॅम्पवर एक दिवस बर्फावरील सरावासाठी आणि एक दिवस हवामानासाठी राखीव होता. आयोजक निवडताना मी आता सर्वप्रथम हेच राखीव दिवस मोजतो.

साहित्याची बाजूही चांगली होती, मात्र सर्वत्र सारखी नव्हती. बर्फासाठीचे दुहेरी बूट निघण्यापूर्वीच पुण्यात पायात घालून पाहायला मिळाले. जाड मोजे घालून उतारावर उभे राहायचे, पुढच्या बाजूने पायरीवर ठोकायचे आणि अंगठा टोकाला लागला तर वरचे माप घ्यायचे, अशी तपासणी झाली. बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचे धातूचे दातेरी क्रॅम्पॉन मात्र लेहमधील एका दुकानातून भाड्याने आले आणि तेथे गोंधळ झाला. माझ्या वाट्याला आलेल्या जोडीची पुढची तार बुटाच्या ज्या खाचेत बसायला हवी, ती खाच झिजलेली असल्याने पाय आपटताच तार निसटत होती. आमच्या लडाखी मार्गदर्शकांनी तेथेच प्रत्येकाचे क्रॅम्पॉन बांधून, हलवून पाहिले म्हणून हे उघड झाले आणि पट्ट्याने आवळायची जोडी बदलून मिळाली. ही तपासणी ४०-४५ अंशांच्या उतारावर अंधारात झाली असती, तर परिणाम गंभीर झाले असते. बूट आणि क्रॅम्पॉन एकाच ठिकाणाहून, एकमेकांना जुळवूनच द्यायला हवेत, असे मी संस्थेला लेखी कळवले आहे.

दुसरी त्रुटी विम्याची. भारतीय पर्वतारोहण संस्थेची परवानगी आयोजकांनी वेळेत काढली होती, पण विमा सदस्यांवर सोपवला होता. अनेक पॉलिसींमध्ये दोर आणि आइस ॲक्स वापरून केलेली चढाई किंवा ठरावीक उंचीवरील सुटका वगळलेली असते, हे सदस्यांना स्वतः बारीक अक्षरातून शोधावे लागले. शिवाय वैयक्तिक सामानासाठीच्या घोड्याचा आणि साहित्याच्या भाड्याचा खर्च मूळ शुल्कात नव्हता आणि तो उशिरा कळला. शुल्क एकरकमी व स्पष्ट असावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

दोराचे तंत्र त्यांनी पुण्याजवळच्या कातळावर शिकवले आणि जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) सरकवणे, गाठीपाशी कॅराबिनर (दोरात अडकवायची धातूची कडी) बदलणे हे जाड हातमोजे घालून इतक्या वेळा करून घेतले की शिखराखालच्या दोरावर हात आपोआप चालत होते. तीन सदस्यांमागे एक मार्गदर्शक हे प्रमाणही त्यांनी शेवटपर्यंत पाळले.

सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्या आणि किमान एकदा चार हजार मीटरवर मुक्काम केलेल्या व्यक्तीने चार-पाच महिने देण्याची तयारी असेल तर अशा पद्धतीने काम करणारी संस्था अवश्य निवडावी. पाचपैकी चार गुण मी निःसंकोच देईन. नोंदणीपूर्वी मात्र तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : प्रत्येक मुक्कामाची उंची, राखीव दिवसांची संख्या आणि प्रकृतीमुळे एखाद्या सदस्याला अर्ध्यातून परतावे लागल्यास त्याच्यासोबत कोण उतरणार याचा तपशील.