इंडिकेटर कशाचा: लोकर, प्लॅस्टिक की फोम?

कोलोरॅडोतल्या साउथ प्लॅट नदीवर, चीझमन कॅन्यनमध्ये पाणी इतकं नितळ असतं की तळाचा खडा न् खडा दिसतो. फ्लाय-फिशिंगमध्ये गळावर बांधलेली नकली माशी म्हणावी तर तांदळाच्या दाण्याहून बारीक. ट्राउट मासा ती तोंडात घेतो आणि क्षणात थुंकतो. तेवढ्यात आपल्याला कळलं पाहिजे, म्हणून दोऱ्यावर इंडिकेटर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण: माशाने ओढलं की ती हलते.

दुकानात आधी नजरेत भरतो तो पोकळ प्लॅस्टिकचा गोळा. बुडत नाही, वर्षानुवर्षं टिकतो, दोन जड निम्फ (पाण्याखाली जाणाऱ्या नकली माश्या) सहज पेलतो. कमरेएवढ्या, जोराच्या पाण्यात मी तोच लावतो. पण उथळ, संथ पाण्यात तो ‘टप्’ करून पडला की मासे पांगलेच समजा. शिवाय त्याला अडकवणारी खुंटी बसते तिथे लीडरला, म्हणजे माशीकडच्या बारीक दोऱ्याला, मुरड पडते.

अशा जागी लोकर. फेकली तर आवाज नाही आणि हलक्या ओढीलाही मान टाकते. गंमत म्हणजे लोकर मुळात पाण्यापेक्षा जड. तिला तरंगवतात ते तंतूंत अडकलेली हवा आणि लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या अंगचं मेण. हे ठाऊक नसताना मी स्वेटरची उरलेली लोकर बांधून गेलो होतो. धुऊन-रंगवून तिचं मेण कधीच गेलेलं. चौथ्या फेकीला बुडाली. पॉलिप्रॉपिलीनचं सूत मात्र पाण्याहून हलकं, घनता साधारण ०.९. तरी दोन्हींना तरंगण्याचं मलम चोळावंच लागतं, आणि वाऱ्यात दोन्ही फेकायला वैताग.

बांधायची सोपी रीत: सिलिकॉनच्या बारीक नळीतून लीडरचा फास काढा, त्यात काडेपेटीच्या काडीएवढा झुपका अडकवा, फास ओढा. जागा बदलायची तर नळीच सरकवा. पाणी जितकं खोल, त्याच्या दीडपट अंतर माशीपासून ठेवून सुरुवात करा.

चिकटवायच्या फोमच्या टिकल्या मी घेत नाही. एकदा लावली की सरकत नाही, काढली की दोऱ्याला गोंद, आणि निम्म्या शेवटी नदीतच जातात. मळून लावायची पुट्टी थंडीत दगड होते. बाल्सा किंवा बुचाचा गोळा छान दिसतो, पण काम प्लॅस्टिकचंच करतो.

एकच घ्यायचा असेल तर लोकर घ्या. अपवाद कडाक्याच्या थंडीचा: ओल्या झुपक्यावर बर्फ चढतो, गोळ्यावरचा टिचकीसरशी उडतो. रंग दोन ठेवा. सावलीत नारंगी ठीक, पण उतरतं ऊन पाण्यावर चमकत असेल तेव्हा काळा चटकन दिसतो.