फॉर्म भरायचं ऑटो टायपर विकत घेताय? आधी माझं काय झालं ते वाचा

घरबसल्या फॉर्म भरायचं काम शोधत असाल तर दोन मिनिटं काढून हे वाचाच, माझ्यासोबत झालंय म्हणून कळकळीने सांगतेय. बाळ सात महिन्यांचं, नोकरी सुटलेली, आणि व्हॉट्सॲपवर जाहिरात आली, 500 फॉर्म, 6 दिवस, फॉर्ममागे 30 रुपये. आधार आणि सही घेऊन ॲग्रीमेंट केलं. त्यात बारीक अक्षरात होतं की 95% अचूक पाहिजे, नाहीतर पोर्टलचा खर्च म्हणून 6,800 रुपये आपण भरायचे. मी नीट वाचलंच नाही.

साईट उघडली तर पेस्ट बंद. इमेज बघून टाईप करायचं, एका फॉर्मला 22 रकाने, आणि त्यात शून्य आहे का ओ आहे तेच कळेना, मध्येच दोन स्पेस, स्वल्पविरामाला चिकटून टिंब. दिवसभरात कसेबसे 20 झाले. तेवढ्यात त्यांच्याच ग्रुपमधून एकाचा मेसेज, ताई ऑटो टायपर घ्या, 2,500 ला आहे, एक्सेलमधली ओळ उचलून आपोआप भरतं. घेतलं. इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद करायला लावला, तिथेच थांबायला हवं होतं मी.

हे ऑटो टायपर म्हणजे एक मॅक्रो, आपण जी बटणं दाबतो तीच ते आपोआप दाबतं, रकाना भरला की टॅब, पुढचा रकाना, परत टॅब. समोरचं पान लोड झालंय का हे याला कळत नव्हतं, त्यामुळे नेट जरा स्लो झालं की पत्ता पिनकोडात, पिनकोड मोबाईलच्या रकान्यात, आणि तिथून पुढचं सगळं एक घर सरकलेलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी आणि नवरा दुरुस्त करत बसायचो, बाळाला सासूबाई सांभाळायच्या.

सातव्या दिवशी रिपोर्ट आला, 41%. आणि मी हाताने भरलेले ते 20 फॉर्म, जे सासूबाईंनी चष्मा लावून माझ्यासोबत अक्षर न् अक्षर ताडून बघितलेले, ते सगळेच्या सगळे चूक! मग "वकिलाचा" फोन, व्हॉट्सॲपवर कोर्टाचा शिक्का मारलेली नोटीस, संध्याकाळपर्यंत 6,800 भरा नाहीतर पोलीस घरी येतील. रडत रडत पैसे पाठवायला गेले तर यूपीआयवर जे नाव आलं, सॉफ्टवेअरचे पैसे देताना पण तेच नाव आलं होतं. हात तिथेच थांबला.

भावाच्या ओळखीच्या वकिलांनी समजावलं की करार मोडला तरी तो दिवाणी मामला, त्यात पोलीस अटक करत नाहीत, आणि फसवून सही घेतली असेल तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 19 प्रमाणे तो करार आपल्याला रद्द करता येतो. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर चॅट, ॲग्रीमेंट, पेमेंटचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार टाकली. म्हणून सांगते, चॅट डिलीट करू नका, कितीही राग आला तरी. लॅपटॉप फॉरमॅट केला, पासवर्ड बदलले, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. आणि कोणाला खरंच मॅक्रो लागत असेल तर ऑटोहॉटकी नावाचं सॉफ्टवेअर 2003 पासून फुकट मिळतं.

2,500 अजून परत आलेले नाहीत. त्यांचे फोन नवीन नवीन नंबरवरून येतात, मी उचलते, तक्रार क्रमांक वाचून दाखवते, की लगेच ठेवतात.