इतिहास, अर्थशास्त्र की भूगोल? एकाच महागाईचे तीन तास

माध्यमिक शाळेत ऐच्छिक विषय निवडताना इतिहासावर एक शेरा ठरलेला असतो: नुसते पाठांतर. तो कितपत खरा, हे पाहायला एकच घटना तिन्ही विषयांच्या तासाला नेऊ. नोव्हेंबर १९२३, जर्मनी. एका अमेरिकी डॉलरचा भाव तब्बल ४.२ लाख कोटी जर्मन मार्क.

अर्थशास्त्र यंत्रणा उलगडते. नोटा वाढतात, वस्तू वाढत नाहीत, किमती चढतात. उद्या त्या आणखी चढतील या धास्तीने लोक पैसा हातात पडताच खर्च करतात आणि महागाई आणखी भडकते. आलेख काढता येतो, उत्तर आटोपशीर असते. गणित आवडणाऱ्या आणि लांबलचक लिखाणाचा कंटाळा असणाऱ्याला हा विषय सोयीचा. मात्र ‘इतर घटक स्थिर’ ही अट विसरली की उत्तर हमखास फसते.

भूगोल जर्मनीच्या पश्चिमेकडल्या रुहर या औद्योगिक खोऱ्याचा कोळसा, पोलाद आणि वाहतूक दाखवतो. नकाशावाचनाची गोडी असेल किंवा विज्ञान सोबत असेल, तर ही जोडी चांगली जमते.

इतिहासाचा प्रश्न निराळा: नोटा छापायचे ठरवले कोणी, आणि का? जानेवारी १९२३ मध्ये, पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीने युद्धभरपाई थकवल्याचे कारण देऊन फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रुहरमध्ये शिरल्या. जर्मन सरकारने असहकार पुकारला आणि काम थांबवलेल्या कामगारांना पोसायला नोटा छापल्या. पण मार्क त्याआधीच घसरत होता, कारण महायुद्धाचा खर्च मुख्यतः कर्ज काढून भागवला होता. मग दोष कोणाचा किती? इथे एकच बरोबर उत्तर नसते. चुकीची मात्र पुष्कळ असतात.

साधनांच्या, म्हणजे त्या काळातल्या भाषणे-कागदपत्रांवरच्या, प्रश्नात विद्यार्थी हटकून एका ठिकाणी घसरतात: ‘हे भाषण एकांगी आहे, म्हणून निरुपयोगी.’ मंत्र्याचे भाषण घटनेबद्दल खोटे असेलही, पण सरकारला लोकांच्या गळी काय उतरवायचे होते याचा तो अव्वल पुरावा असतो. बनावट कागदसुद्धा बोलतो. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला सत्ता बहाल केल्याचे सांगणारे ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्लाने १४४० मध्ये खोटे ठरवले, ते बरेचसे त्यातल्या भाषेवरून: चौथ्या शतकातल्या म्हणवणाऱ्या त्या लॅटिनमध्ये रोमच्या संदर्भात ‘सत्रप’ हा इराणी सुभेदारांसाठीचा, तिथे न शोभणारा शब्द आला होता. ही नजर बातमी, करारनामा आणि जाहिरात वाचतानाही कामी येते. इतिहासाची खरी कमाई हीच; सनावळ्या तिच्यासाठी लागणारा कच्चा माल.

दुसरी चूक गोष्ट सांगत बसण्याची. ‘रुहरचा ताबा कितपत कारणीभूत?’ असे विचारले की अर्धे पान १९१४ पासूनच्या हकिकतीत जाते. पहिल्या वाक्यात आपले मत, पुढे प्रत्येक परिच्छेदात एक कारण, एक पुरावा आणि त्या कारणाचे वजन, असे लिहिले तर उत्तर प्रश्नाला धरून राहते.

निवडीपूर्वी शाळेच्या मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढून गुण मोजा. निम्म्याहून जास्त गुण ‘कोण, कधी, कुठे’ला असतील, तर तिथला इतिहास घोकंपट्टीचाच, अर्थशास्त्र बरे. साधने आणि कारणमीमांसेला वजन असेल, तर अनोळखी पानभर मजकूर घ्या आणि अर्ध्या तासात त्याच्या विश्वासार्हतेवर २०० शब्द लिहा. हात अडला तरी हरकत नाही, ते शिकता येते. पण वाचायचाच कंटाळा आला, तर दोन वर्षे जड जातील. कायदा, पत्रकारिता किंवा प्रशासनाकडे ओढा असेल तर इतिहासासोबत अर्थशास्त्रही घ्यावे: नोटा वाढल्या की काय होते हे एक विषय सांगतो, त्या का वाढवल्या हे दुसरा.