सेकंडहँड मोटरहोम, सात महिने: संशय गॅसवर, चोर भलताच

मार्चमध्ये 2012 सालचं चोवीस फुटी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, सेकंडहँड घेतलं. आम्ही अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो, त्यामुळे डोंगरातल्या सहली बऱ्याच झाल्या. इंजिनानं काही त्रास दिला नाही. छळलं ते मागच्या घरानं, म्हणजे बारा व्होल्टची वायरिंग आणि प्रोपेन यांनी.

मे महिन्यात लेडव्हिलजवळ मुक्काम होता. दहा हजार फूट उंची, पाणी गोठेल अशी थंडी, वीजजोडणी नाही. रात्री दोनला फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, रुसली. पंखा घरघरायचा, ठिणगीची टकटक काही यायची नाही, थोड्या वेळानं सगळं गप्प. मी आधी म्हटलं गॅस संपला, मग रेग्युलेटर गेला, मग उंचीला दोष दिला. अंधारात गाडीशी वाकून टाकीचा काटा पाहिला, तर अर्ध्याच्या वर. तोवर साताऱ्याहून आलेली आई उठली. "झोप तर लागत नाही, चहा तरी टाकते," म्हणत तिनं शेगडी पेटवली. निळीशार ज्योत! शेगडीला गॅस मिळतो, मग फर्नेसलाच का नाही?

सकाळी वीस डॉलरच्या मल्टिमीटरनं उत्तर दिलं: 11.3 व्होल्ट. भरलेली बॅटरी, काही चालू नसताना, 12.6 च्या आसपास दाखवते. फर्नेसमध्ये वाऱ्यानं ढकलला जाणारा पातळ पत्र्याचा स्विच असतो. पंखा जोरात फिरला नाही तर तो दाबला जात नाही, आणि तो दाबला गेल्याशिवाय ठिणगीही पडत नाही, गॅसही सुटत नाही. बॅटरीची झाकणं उघडली, तर दोन कप्प्यांतलं पाणी आटून प्लेटा उघड्या पडलेल्या. विकणारा म्हणाला होता, बॅटऱ्या नव्याच आहेत. असो.

नव्या बॅटऱ्या टाकून निर्धास्त झालो, तर सप्टेंबरात पुन्हा तेच. या वेळी पंखा चालू ठेवून दोन्हीकडे मोजलं. बॅटरीवर 12.4, फर्नेसच्या वायरींवर 10.9. दीड व्होल्ट वाटेतच गडप! चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट गंजून त्याचे पापुद्रे सुटले होते. पॉलिश पेपरनं घासला, नवा वॉशर घातला, वरून ग्रीस लावलं. खर्च दोन डॉलर. मे महिन्यातच असं मोजलं असतं तर हा बोल्ट तेव्हाच सापडला असता.

फ्रिज मात्र मनातून उतरलाय. गॅसवर चालतो खरा, पण त्याच्या सर्किटलाही बारा व्होल्ट लागतात, आणि गाडी तिरकी उभी असली की थंडच करत नाही. एकदा ज्योत पिवळी दिसली, तर बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं.

गॅसचे जोड मी साबणाच्या पाण्यानं तपासतो, रेग्युलेटरला मात्र हात लावत नाही. गळतीचा अलार्म जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. तो साधारण पाच ते सात वर्षांनी बदलायचा असतो हे कळल्यावर आमचा उपसून पाहिला. मागे तारीख 2012 ची. समोरचा हिरवा दिवा मात्र अगदी छान लागत होता.