वॉकिंग फूट की डार्निंग फूट: मशीनवरच्या गोधडीसाठी कुठला पाय घ्यावा, आणि घेतल्यावर तो सांभाळावा कसा

गोधडी मशीनवर शिवायची म्हटलं की दुकानदार दोन पाय, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारे बदलते भाग, समोर ठेवतो. एक बोजड, बाजूला छोटा हात बाहेर आलेला, तो वॉकिंग फूट. दुसरा चिमुकला, स्प्रिंगवर उड्या मारणारा, खाली बारीक कडी असलेला, तो डार्निंग फूट. कुणी त्याला फ्री मोशन फूटही म्हणतं. दुसरा बराच स्वस्त, म्हणून बहुतेक जणी तोच उचलतात. मीही तोच उचलला होता. त्यावर शिवलेल्या पहिल्या दुपट्याची मागची बाजू मी अजून कुणाला दाखवलेली नाही.

साध्या पायाखाली मशीनचे दाते, म्हणजे पाटीतून वर येणाऱ्या करवतीसारख्या पट्ट्या, कापड फक्त खालून ओढतात. ब्लाउजला तेवढं पुरतं. पण दोन सुती साड्या, मध्ये जुन्या धोतराच्या घड्या असे सहा-सात पदर घातले की खालचा पदर पुढे जातो, वरचा मागे रेंगाळतो आणि शेवटच्या कडेला फुगा येतो. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात. ते वरचा पदरही खालच्याच चालीने पुढे नेतात, त्यामुळे सरळ ओळी आणि हलकी वळणं छान बसतात. डार्निंग फूट कापड ओढतच नाही. मशीनचे दाते खाली पाडायचे आणि कापड आपल्याच हाताने फिरवायचं. कोयरी, वेल, ठिगळाभोवतीची रेघ, काहीही काढा. टाक्याची लांबी मात्र तुमच्या हाताच्या वेगावर ठरते.

घेण्याआधी मशीनकडे बघा. पाय खाली टेकवून सुईच्या पाटीपासून पाय बसवायच्या स्क्रूच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. साधारण पाऊण इंच भरलं तर लो शँक, म्हणजे पायाचा दांडा आखूड; एक इंचाच्या वर गेलं तर हाय शँक, म्हणजे लांब. सिंगरच्या काही जुन्या मॉडेलांचा दांडा तिरका असतो, त्यांना या दोन्हीतलं काही बसत नाही. शिवाय सुई आवळायचा स्क्रू उजवीकडे बाहेर आलेला हवा, कारण वॉकिंग फूटचा हात त्याच्यावरच चालतो. आईच्या काळ्या पायमशीनचा एक फोटो आणि हे माप घेऊन दुकानात गेलात तर परत फेरी मारावी लागणार नाही. परदेशात असाल आणि मशीन प्फाफचं असेल, तर बऱ्याच मॉडेलांत वरून ओढायची सोय आतच असते. मग वॉकिंग फूटवर पैसे घालवू नका.

आता सांभाळण्याचं. इथे दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

वॉकिंग फूट म्हणजे हलणाऱ्या भागांचं लहानसं यंत्रच, आणि जुन्या साड्यांचा तूस त्याला फार आवडतो. प्रत्येक गोधडीनंतर तो काढायचा, उलटा धरायचा आणि जुन्या टूथब्रशने दात्यांच्या फटी झाडायच्या. तोंडाने फुंकू नका, वाफेने तूस आणखी चिकटतो. मग पाय हातात धरून बाजूचा हात वर-खाली करून बघायचा: दाते पुढे-मागे सरकले पाहिजेत. अडकत असतील तर लोखंडाला लोखंड घासतं तिथे मशीनच्या तेलाचा एकच थेंब, पुसून घ्यायचा, आणि आधी चिंधीवर चार ओळी. खोबरेल तेल चुकूनही घालू नका. थंडीत २४ अंशांच्या आसपास ते थिजायला लागतं, आणि एरवीही पुढे चिकट होऊन बसतं. घरोघरी तेच घातलं जातं हे मला माहीत आहे. मशीन दुरुस्त करणाऱ्यांचं पोट त्यावरच चालत असावं.

डार्निंग फूटला एवढं लाडावावं लागत नाही. स्प्रिंग दाबून सोडायची, ती लगेच परत आली पाहिजे. खालच्या कडीवरून बोट फिरवायचं. सुई आपटून ओरखडा पडला असेल तर तो धागा तोडतो. एकदम बारीक पॉलिश पेपरने घासला की काम होतं. कोकण-गोव्यात पावसाळ्यात ही स्प्रिंग गंजते, तेव्हा औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी डब्यात टाकून ठेवा.

बिघाड ओळखताना मी एकच हिशेब धरते: वॉकिंग फूटवर काही चुकलं तर आधी पाय बघायचा, डार्निंग फूटवर चुकलं तर आधी आपला हात.

एकदा वॉकिंग फूट लावूनही माझा वरचा पदर अर्धा इंच जमून आला. पाय फुकट गेला म्हणत मी तो मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, "ताई, पाय चांगला आहे. तुम्ही त्याला घोड्यावर बसवलंच नाही." त्या हाताचा चिमटा सुईच्या स्क्रूवर बसायला हवा होता, माझा खाली लोंबकळत होता. पाय नुसता दाबून बसलेला, चालतच नव्हता. नीट बसला की चालताना टकटक आवाज येतो. तो आला नाही तर पुढे शिवू नका.

याच टकटकीने स्क्रूही सैल होतात. बोटाने आवळून भागत नाही, पेचकस घ्या. पायाचा स्क्रू ढिला पडला तर पाय सरकतो, सुई त्याच्यावर आपटते आणि तुटते. मध्येच चार-पाच टाके सुटत असतील तर पायाला दोष द्यायच्या आधी सुई बदला: जाड पदरांना १६ नंबरची, शेवटपर्यंत वर ढकललेली. वर लाटा येत असतील तर दांड्यावरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करा, आणि कच्चे टाके नीट घातलेत का तेही बघा. त्यात आळस केला असेल तर कुठलाच पाय तुम्हाला वाचवणार नाही. उलटी शिलाई मात्र टाळा. बरेच वॉकिंग फूट मागे नीट चालत नाहीत. टोकाला टाके अगदी बारीक करून धागा अडकवा.

डार्निंग फूटच्या तक्रारी दोनच, पण छळणाऱ्या. पहिली: खाली सुगरणीच्या खोप्यासारखा धाग्यांचा गुंता. दहातून आठ वेळा पाय खाली टाकायला विसरलेलं असतं. हा पाय खाली असला तरी कापडापासून उचललेला दिसतो, म्हणून फसायला होतं. आणि दांडा वर असला की वरच्या धाग्याला ताणच नसतो. दुसरी: वळणावर मागच्या बाजूला पापण्यांसारखे बारीक फाटे. वळताना हात पळतो आणि सुई मागे पडते. हात सावकाश, मशीन एका चालीवर; तरीही येत असतील तर वरच्या धाग्याचा ताण (टेन्शन) किंचित वाढवा. माझ्या त्या दुपट्याची पाठ अशा पापण्यांनी भरली आहे. बर्निनाच्या काही मशीनना टाक्याची लांबी स्वतः सांभाळणारा बीएसआर पाय मिळतो. त्याच्या भिंगावर तूस बसू द्यायचा नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट अनेकींना घाबरवते: काम संपवून दात्यांचं बटण सरकवलं तरी दाते वर येत नाहीत. बऱ्याच मशीनमध्ये चाक एक पूर्ण फेरी फिरवलं की येतात.

मग घ्यायचा कुठला? सरळ ओळींची गोधडी, घरात एकच मशीन आणि सरावाला वेळ नसेल, तर थोडे जास्त पैसे घालून वॉकिंग फूट. पण आजीसारखी बाहेरून आत गोल गोल येणारी शिलाई हवी असेल तर थांबा. तिथे प्रत्येक कोपऱ्यावर सगळी गोधडी वळवावी लागते, आणि घरगुती मशीनमध्ये सुई ते खांब ही जागा जेमतेम सहा-सात इंच. डबलबेडची गुंडाळी त्यातून वळत नाही. डार्निंग फूटला वळवायची गरज नसते, कुठल्याही दिशेला शिवता येतं. मोठ्या गोल शिलाईला तो बरा, पण आधी आठ दिवस चिंध्यांवर हात बसवायची तयारी ठेवा. दुपट्याला दोन्ही चालतात. मशीनचे दाते खाली जात नसतील तर दात्यांवर बसणारी पाटी मिळते का ते विचारा. मिळाली नाही, तर वॉकिंग फूटच घ्या, आणि मोठ्या गोधडीची गोल शिलाई हाताने, धावदोऱ्याने करा.